मास्तरांबरोबर पुण्यात

रविवार : मुंबई ते पुणे

संक्रांत आटोपली की मास्तरांचा दक्षिण महाराष्ट्राचा दौरा सुरू होतो आणि त्यातला पहिला मुक्काम पुण्याचा असतो. यंदा वाद्ये सांभाळायला आणि काही कार्यक्रमांत दुसरा सॅक्सोफोन वाजवायला मी त्यांच्याबरोबर होते. आपले नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे आणि ती मी पाळते आहे. बँडच्या जगात ताफ्याच्या प्रमुखाला मास्तर म्हणतात. त्यांच्या वडिलांनाही सगळी पेठ याच नावाने ओळखत असे, आणि सत्तरी ओलांडल्यावरही त्यांना हीच हाक जवळची वाटते. लग्नाच्या वरातींपासून मुंबईच्या ध्वनिमुद्रणांपर्यंत आणि तालुक्याच्या गावांपासून आखाती देशांपर्यंत हा माणूस सॅक्सोफोन घेऊन आयुष्यभर फिरत राहिला आहे. फिरतीमुळे वादकाचा सूर कसा घडतो, हे मला जवळून पाहायचे होते. त्यासाठी पुण्यासारखे दुसरे गाव नव्हते, कारण त्यांच्या वाजवण्याची सुरुवात याच शहराच्या रस्त्यांवर झाली.

डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून मुंबई-पुणे मार्गावर धावते आहे आणि मास्तरांचे तिच्याशी जुने नाते आहे. स्टुडिओत काम करत असताना सुरुवातीची काही वर्षे ते पुण्यातच राहत. सकाळी याच गाडीने मुंबईला जात, आणि शिफ्ट वेळेत संपली तर संध्याकाळी याच गाडीने परतत. आजही ऑल्टोची, म्हणजे लहान, उंच सुराच्या सॅक्सोफोनची पेटी त्यांनी स्वतःच्या मांडीजवळ ठेवली आणि टेनरची, म्हणजे त्याहून मोठ्या, खालच्या सुराच्या सॅक्सोफोनची माझ्याकडे दिली. वरच्या फळीवर सॅक्सोफोन ठेवायचा नाही, हा त्यांचा नियम आहे, कारण एका धक्क्याने एखादी दांडी केसभर वाकली तरी भोकावरची गादी नीट बसत नाही आणि खालचे सूर निघेनासे होतात.

कर्जतला घाटासाठी मागून जादा इंजिने जोडली गेली, तेव्हा मास्तरांनी रीडचा डबा उघडून पाहिला. रीड म्हणजे बोरूसारख्या उंच, पोकळ गवताची तासून पातळ केलेली पट्टी. या गवताचे शास्त्रीय नाव अरुंडो डोनॅक्स असून दक्षिण फ्रान्समधील व्हार परगण्यातले पीक त्यासाठी नावाजलेले आहे. सॅक्सोफोन पितळेचा असूनही त्याची गणना लाकडी सुषिर वाद्यांत होते ती या पट्टीमुळेच, कारण आवाजाचा उगम तिच्या कंपनात असतो. मुंबईच्या दमट हवेत रीड ओलावा धरून असते, आणि पुण्याच्या जानेवारीत तीच रीड कोरडी पडून टोकाशी किंचित लाटेसारखी वाकते. म्हणून मास्तर पेन्सिलने खुणा केलेल्या चार रीड आळीपाळीने वापरतात आणि नव्या गावात पहिला दिवस कार्यक्रम घेत नाहीत. संयोजकांना हा हट्ट वाटतो. मला मात्र त्यात त्यांच्या साऱ्या कारकिर्दीची शिस्त दिसते.

पुण्यात उतरल्यावर नारायण पेठेत त्यांच्या धाकट्या बहिणीकडे गेलो. मी त्यांना आत्या म्हणते. आत्यांनी तिळगूळ पुढे केला. मास्तरांनी तो घेतला, पण लगेच उठून दोनदा चूळ भरली. गोड खाऊन वाजवले तर लाळेतली साखर वाद्याच्या गाद्यांवर बसते आणि त्या भोकांना चिकटू लागतात. ‘जी शार्प’ या सुराची कळ तर ऐन वेळी उघडतच नाही.

सोमवार : नदीपात्र

पहाटे अंधारातच आम्ही ओंकारेश्वराच्या बाजूने मुठेच्या पात्रात उतरलो. मास्तरांनी गळ्यात पट्टा अडकवला, रीड तोंडात धरून भिजवली आणि सगळ्यांत खालच्या सुरापासून सुरुवात केली. एक श्वास, एक सूर. सुराची सुरुवात जिभेच्या आघाताशिवाय करायची, तो हळूहळू मोठा करायचा आणि तितक्याच सावकाश मिटवायचा, आणि या सगळ्यात त्याची उंची तसूभरही हलू द्यायची नाही. मंद्रातले हे सूर निघायला सर्वांत अवघड असतात, कारण नळीवरील वीसहून अधिक भोके त्या वेळी एकाच क्षणी घट्ट मिटलेली असावी लागतात. तासभर त्यांनी एकही चाल वाजवली नाही.

लहानपणी वाड्यात सॅक्सोफोन वाजवणे शक्यच नव्हते. भिंतीला भिंत लागून बिऱ्हाडे, त्यांत कोणाची परीक्षा, कोणाचे बाळंतपण. म्हणून वडील त्यांना इथे घेऊन येत. न्यूयॉर्कमध्ये जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स यांनीही १९५९ ते १९६१ या काळात शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज केला होता. ही हकिकत मास्तरांना फार पुढे कळली आणि ती त्यांना मनापासून आवडते. उघड्यावर रियाज करणाऱ्याला स्वतःच्या सुराची खरी लांबी कळते, असे ते म्हणतात, कारण तिथे भिंत मदतीला येत नाही.

पण या नदीशी त्यांच्या वाद्याचे नाते त्याहून जुने आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, आणि मुठेचे पाणी काठच्या पेठांत शिरले. मास्तरांच्या वडिलांच्या बँडची सगळी वाद्ये तळमजल्यावरच्या खोलीत होती. पाणी ओसरल्यावर पाहिले तेव्हा ढोलांची कातडी सडली होती, क्लॅरिनेटची लाकडे तडकली होती, आणि चिखलातून फक्त पितळेची वाद्ये हाती लागली. सॅक्सोफोनच्या कातडी गाद्या फुगून निकामी झाल्या होत्या, तरी नळी शाबूत होती. वडिलांनी रॉकेलने दांड्या मोकळ्या केल्या, बाजाच्या पेटीला वापरतात त्या पातळ कातड्याच्या नव्या गाद्या घरीच कापून लाखेने चिकटवल्या, आणि त्या दिवाळीनंतरच्या लग्नसराईला ताफा उभा केला.

तोपर्यंत त्यांच्या बँडमध्ये चाल क्लॅरिनेट वाजवत असे आणि सॅक्सोफोन खालून भरणा करत असे. क्लॅरिनेट उरली नाहीत, तेव्हा गाण्याची चाल सॅक्सोफोनला उचलावी लागली. मेरठच्या वाद्य कारखान्यांतून उधारीवर नवा माल येईपर्यंत सगळा हंगाम असाच गेला, आणि लोकांना तो आवाज इतका आवडला की पुढेही तो तसाच राहिला. मास्तर तेव्हा शाळकरी होते. बाराव्या वर्षी त्यांच्या हाती आला तो पुरातून निघालेला हाच ऑल्टो, आणि हातात आला तेव्हापासून तो चाल गाणारे वाद्य म्हणूनच आला. पुढे काही दशकांनी मैफलीत त्यांनी याच वाद्यावर नाट्यपदे गायकी अंगाने वाजवली, त्याची मुळे मला त्या हंगामात दिसतात. हा ऑल्टो आता आत्यांच्या कपाटात आहे. आज तो मी हातात घेऊन पाहिला. त्याच्या घंटेच्या कडेजवळ अजून काळपट डाग आहेत.

मंगळवार : लक्ष्मी रस्ता आणि बँडचे दुकान

पौषात लग्ने नसतात, म्हणून हा महिना बँडवाल्यांच्या विश्रांतीचा आणि दुरुस्तीचा. दुपारी आम्ही मास्तरांच्या ओळखीच्या एका दुकानात गेलो. बाहेर गणवेश उन्हात वाळत होते आणि आत एक कारागीर टेनरच्या नळीत लहानसा दिवा सोडून बसला होता. खोलीत अंधार करून नळीत दिवा सोडला की जी गादी नीट बसत नाही तिच्या कडेने उजेडाची रेघ दिसते. मग त्या कळीची वाटी खालून तापवायची, लाख मऊ झाली की गादी केसभर सरकवायची, आणि पुन्हा अंधार करून पाहायचे. कळा वर उचलणाऱ्या स्प्रिंगा तुटल्या तर जुने कारागीर शिवणाची सुई योग्य लांबीला तोडून बसवतात, आणि ती वर्षानुवर्षे टिकते. मास्तरांच्या टेनरची एक स्प्रिंग इथेच बदलली. कारागिराने पैसे घेतले नाहीत. त्याऐवजी एक अभंग वाजवून घेतला, आणि आजूबाजूच्या दुकानांतली माणसे दारात येऊन उभी राहिली.

आपल्याकडे सॅक्सोफोन म्हटले की हॉटेल, मंद दिवे आणि पाश्चात्त्य नाच डोळ्यांसमोर येतात. या वाद्याचा इतिहास मात्र वेगळा आहे, आणि तो मला इथे मुद्दाम सांगावासा वाटतो. बेल्जियममधील दिनाँ या गावी ६ नोव्हेंबर १८१४ रोजी जन्मलेल्या अडोल्फ साक्स याने हे वाद्य घडवले आणि १८४६ मध्ये पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. लष्करी बँडला मोकळ्या मैदानात पुरेल इतका मोठा, तरीही गाता येईल इतका लवचीक आवाज त्याला हवा होता. २२ एप्रिल १८४५ रोजी पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानावर त्याच्या वाद्यांचा बँड आणि जुन्या पद्धतीचा बँड यांची हजारो लोकांसमोर चढाओढ झाली, तीत साक्सची सरशी झाली आणि फ्रेंच सैन्याने त्याची वाद्ये स्वीकारली. पुढचे आयुष्य त्याने प्रतिस्पर्धी कारखानदारांनी घातलेल्या खटल्यांत घालवले, तीनदा दिवाळखोरी पत्करली, आणि १८९४ मध्ये तो गरिबीत वारला. सैन्यासाठी घडलेले हे वाद्य सैन्याबरोबरच जगभर गेले. पुण्याची लष्करी छावणी आणि खडकीच्या पलटणींची बँडपथके डोळ्यांसमोर आणली, की पेठेतल्या बँडच्या हाती ते कसे आले असेल याचे नवल राहत नाही.

आणि ही गोष्ट एकट्या पुण्याची नाही. हिंदी चित्रपटसंगीतात ज्यांच्या सॅक्सोफोनने एक काळ गाजवला ते मनोहारी सिंग १९३१ मध्ये कोलकात्यात जन्मले आणि बाटानगरच्या बूट कारखान्याच्या बँडमध्ये तयार झाले. १९५८ मध्ये ते मुंबईत आले. कर्नाटक संगीतात सॅक्सोफोनला मानाचे स्थान मिळवून देणारे कद्री गोपालनाथ हे नागस्वरवादकाचे चिरंजीव. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये हे वाद्य त्यांनी पहिल्यांदा ऐकले आणि पुढचे आयुष्य त्याला वाहिले. १९९४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील प्रॉम्स महोत्सवात ते वाजवून आले, २००४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बूट कारखान्याचा बँड, राजवाड्याचा बँड, नारायण पेठेतला वरातीचा बँड: भारतातला सॅक्सोफोन फार मोठ्या प्रमाणात या वाटेने मोठा झाला आहे, आणि वादकांची कुंडली मांडताना ही वाट झाकून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

संध्याकाळी मास्तरांनी मला लक्ष्मी रस्त्याने चालवत नेले. गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत त्यांनी हा रस्ता अनेक वर्षे वाजवत पार केला आहे. बेलबाग चौकात सूर कसा मागे परततो, पुढे दोन्ही बाजूंच्या उंच इमारतींमध्ये तो कसा दाटतो, कुंटे चौकात किंचित सैल होतो आणि अलका टॉकीजच्या चौकात एकदम उघड्यावर पडून निसटून जातो, हे ते प्रत्येक ठिकाणी थांबून सांगत होते. चालत वाजवताना श्वास पावलांशी बांधलेला असतो. ओळ कुठे तोडायची हे ताफ्याच्या चालीवर ठरते, आणि समोर ढोल-ताशांचे पथक असेल तर आपला आवाज ओठ न आवळता, पोटातून मोठा करावा लागतो. ओठ आवळून मोठा केलेला आवाज चिरका होतो आणि तासाभरात ओठ सुजतात. पोटातून आलेला आवाज रात्रभर टिकतो. लोक ज्याला मास्तरांचा भरदार सूर म्हणतात, तो या रस्त्याने त्यांना दिला.

बुधवार : कोथरूड

दौऱ्यातला पहिला कार्यक्रम कोथरूडमधील एका गृहसंकुलाच्या पटांगणात होता. जुनी हिंदी आणि मराठी गाणी, दोन गायक, कीबोर्ड, ढोलक, ड्रम आणि आम्ही.

पुण्याची जानेवारीतली रात्र वाऱ्याच्या वाद्याला सोपी नसते. नळीतली हवा थंड असली की तिच्यातून ध्वनी सावकाश जातो आणि सूर उतरतो. हवा तापली की चढतो. कीबोर्ड आपल्या जागी स्थिर असतो, त्यामुळे जुळवून घ्यायचे ते सॅक्सोफोननेच. मानेच्या बुचावर मुखनळी थोडी आत सरकवली की सूर चढतो. मास्तरांनी संध्याकाळी एकदा जुळवले, आणि मग आपली पाळी नसतानाही ते नळीत आवाज न करता फुंकर घालत राहिले, म्हणजे वाद्य उबदार राहते. मी हे विसरले नव्हते, पण गाणे ऐकण्यात रमले, की त्यांचे डोळे माझ्याकडे वळत आणि मी पुन्हा फुंकू लागे.

मध्यंतरात संकुलातल्या एका आजोबांनी ऑर्केस्ट्राच्या दिवसांची आठवण काढली आणि मास्तर खुलले. १९७०च्या दशकात महाराष्ट्रात ऑर्केस्ट्राचे जोरदार दिवस होते. बँड सोडून ते अशाच एका ताफ्यात गेले. गणपती, नवरात्र, कोजागरी, मग गावोगावच्या जत्रा आणि साखर कारखान्यांचे कार्यक्रम. दिवसा एसटीत किंवा मेटॅडोरमध्ये झोप, रात्री वादन, पहाटे सामान बांधून पुढचे गाव. बार्शीच्या बाजूला एका गावी ऐन रंगात वीज गेली. गायकांचे माइक बंद, इलेक्ट्रिक गिटार आणि ऑर्गन बंद. मास्तर रंगमंचावरून खाली उतरले आणि कंदिलांच्या उजेडात, प्रेक्षकांच्या रांगांमधून चालत, ड्रमवाल्याच्या साथीवर तेच गाणे पुढे वाजवत राहिले. वीज आली तरी लोकांनी त्यांना परत रंगमंचावर जाऊ दिले नाही. हा किस्सा मी पूर्वीही ऐकला होता, पण लक्ष्मी रस्ता त्यांच्याबरोबर चालून आल्यावर तो मला नीट कळला.

त्या ताफ्यातूनच त्यांची मुंबईच्या स्टुडिओंत ये-जा सुरू झाली. तिथे वेगळी शिस्त होती. समोर कागदावर लिहिलेली स्वरलिपी, बाजूला साठ-सत्तर वादक, आणि एकाची चूक झाली की सगळ्यांना पुन्हा सुरुवात. बँडमध्ये सगळे कानावर चालत असे. स्वरलिपी वाचायला त्यांना गोव्याच्या सहवादकांनी शिकवले, ज्यांची बोटे लहानपणी चर्चच्या शाळांतच त्या पाच रेघांवर वळलेली होती. पैसे शिफ्टवर मिळत. नाव कुठे येत नसे. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून सिंथेसायझरने एकेक वाद्य गिळायला सुरुवात केली आणि बोलावणी कमी होत गेली, तेव्हा मास्तर काही वर्षे प्रवासी जहाजावर वाजवत होते. त्या काळाबद्दल ते फार बोलत नाहीत. जहाजावर तीच ती गाणी रोज वाजवताना सूर राखणे ही सर्वांत कठीण परीक्षा होती, एवढेच आज म्हणाले.

गुरुवार : तालीम

सकाळी केळकर संग्रहालयात थोडा वेळ गेलो. तिथला वाद्यांचा संग्रह पाहताना मास्तर सुषिर वाद्यांच्या कपाटासमोरून हलायला तयार नव्हते. दुपारपासून शुक्रवारच्या मैफलीची तालीम सुरू झाली.

गायकांबरोबर फिरणाऱ्या सॅक्सोफोनवादकाचे निम्मे कौशल्य पट्टी, म्हणजे गाण्याचा सा, बदलण्यात असते. ऑल्टोवर ज्या बोटांनी पाश्चात्त्य स्वरलिपीतला ‘सी’ वाजतो, तिथे प्रत्यक्षात काळी दोनचा, म्हणजे हार्मोनियमच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा सूर ऐकू येतो. टेनरवर त्याच बोटांनी काळी पाचचा. गायिका काळी पाचमध्ये गात असेल तर ऑल्टोचा षड्ज, म्हणजे सा, ‘जी’ या सुरावर येतो आणि बोटे सुखाने फिरतात. गायक काळी एकमध्ये गात असेल तर तोच षड्ज ए शार्पवर येतो, आणि द्रुत ताना घेताना करंगळ्यांच्या कळांची कसरत सुरू होते. हार्मोनियमवाला पट्टी बदलली तरी डोळ्यांनी पाहू शकतो. आपल्याला सगळे बोटांच्या आठवणीत ठेवावे लागते. म्हणून मास्तर प्रत्येक राग बाराही सुरांवरून घोटायला लावतात. उद्याच्या गायिकेने तालमीत ऐन वेळी पट्टी काळी पाचवरून काळी चारवर आणली. मास्तर फक्त म्हणाले, "एफवरून घे, बाळ," आणि पुढच्या आवर्तनाला सुरू झाले. मला ते आवर्तन सोडावे लागले आणि पुढचे मी धरले.

शुक्रवार : टिळक स्मारक मंदिर

टिळक रस्त्यावरच्या या सभागृहात मास्तर पूर्वी अनेकदा साथीला बसले आहेत. आज पूर्वार्ध त्यांचा स्वतःचा होता: भीमपलास, मग नाट्यपदे आणि शेवटी भैरवी.

सॅक्सोफोनवर राग वाजवण्यातली खरी अडचण मींडेची आहे. वाद्याची रचना कळांची असल्यामुळे सूर पायऱ्यांनी येतात, आणि भीमपलासात मध्यमावरून कोमल गंधारावर यायचे ते पायरी उतरून चालत नाही, घसरत यावे लागते. मास्तर त्यासाठी तीन गोष्टी एकत्र करतात. जबडा किंचित सैल सोडून सूर खाली ओढतात, घशाची पोकळी बदलतात, आणि कळ एकदम न मिटता बोटाने अर्धवट दाबत आणतात. या तिन्हींचा मेळ बसला नाही तर सूर बेसूर होतो किंवा मधेच फुटतो. कद्री गोपालनाथ यांनी गमकांसाठी, म्हणजे सुरांच्या आंदोलनांसाठी, आपल्या वाद्याच्या रचनेतच बदल करून घेतले होते. मास्तरांनी वाद्य जसे आहे तसेच ठेवले आणि ओठ घडवले. दोन्ही मार्ग मला तितकेच आदरणीय वाटतात, पण मास्तरांचा मार्ग दुसऱ्याला शिकवणे फार कठीण आहे, हे मी रोज अनुभवते.

आलापीत त्यांनी रस्त्यावरचा भरदार सूर पूर्णपणे बाजूला ठेवला. माइकपासून दोन हात दूर बसून ते इतक्या हलक्या श्वासाने वाजवत होते की रीडवरून जाणाऱ्या हवेची सळसळही सुरात मिसळली होती. कोमल निषाद त्यांनी षड्जाच्या जवळ नेऊन तिथेच धरून ठेवला, सभागृहातून दाद आली, आणि मग ते षड्जावर आले. माझ्या शेजारच्या तंबोरेवालीने डोळे मिटले होते. द्रुत गतीत मात्र बँडचा दम दिसला. चार आवर्तनांची तान त्यांनी एका श्वासात घेतली, आणि सत्तरी ओलांडलेल्या छातीत एवढी हवा कुठून येते, असे तबलजींनी नंतर मला विचारले.

नाट्यपदांना श्रोते गुणगुणू लागले. पुण्यात हे नेहमी होते, आणि वादकाने अशा वेळी काय करावे यावर मतभेद आहेत. काही जण आवाज वाढवतात. मास्तरांनी चाल श्रोत्यांवर सोपवली आणि स्वतः खालच्या सप्तकात जाऊन तिला आधार देणारे सूर धरले, म्हणजे पुराआधी वडिलांच्या बँडमध्ये सॅक्सोफोन जे करत असे तेच. त्यांनी हे जाणून केले की सवयीने, ते मी विचारले नाही.

कार्यक्रमानंतर बँडच्या दुकानातला तो कारागीर भेटायला आला होता. तिकीट काढून आला होता. मास्तरांनी त्याला आत बोलावून पहिल्यांदा सॅक्सोफोनच त्याच्या हाती दिला.

शनिवार : कोरेगाव पार्क

रात्री कोरेगाव पार्कमधील एका लहान जागी पुण्यातल्या तरुण वादकांनी मास्तरांना जॅझ वाजवायला बोलावले होते. इथे मी त्यांच्याबरोबर पूर्ण वेळ वाजवले. ठरलेल्या स्वरसंगतीच्या चौकटीत प्रत्येकाने आळीपाळीने उपज करायची ही पद्धत मास्तरांना नवी नव्हती. १९७८ मध्ये मुंबईच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा झाली, तिथे त्यांनी सनी रोलिन्स यांना प्रत्यक्ष ऐकले होते. त्या रात्री झोप आली नाही आणि सकाळी स्टुडिओत जायचे असल्याने वाजवताही आले नाही, असे त्यांनी मुलांना सांगितले.

मुलांची तयारी उत्तम होती. स्वरसंगतीचे त्यांचे ज्ञान मास्तरांपेक्षा पद्धतशीर आहे, हे मास्तरांनीच मान्य केले. फक्त आवाज लहान होता. खोलीत शिकलेला आणि माइकच्या भरवशावर वाढलेला. मध्यंतरात एका मुलाने विचारले, तेव्हा मास्तरांनी त्याला मुखनळीचे माप किंवा रीडचा क्रमांक सांगितला नाही. त्यांनी त्याला सोमवारच्या नदीकाठाची वेळ आणि जागा सांगितली, आणि पौष संपल्यावर एखाद्या बँडबरोबर चार वराती वाजवून ये, म्हणाले. मुलगा क्षणभर गोंधळला आणि मग त्याने त्या दुकानाचा पत्ता लिहून घेतला. वरातीत वाजवणे अनेक शिकलेल्या वादकांना कमीपणाचे वाटते. हा संकोच गेला तर आपल्याकडे या वाद्याचे फार भले होईल.

रविवार : स्वारगेट

सकाळी आत्यांनी दोन दिवसांच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. कार्यक्रमाच्या दिवशी मास्तर तळलेले खात नाहीत. पोट जड असले की छाती-पोटामधला श्वासाचा पडदा खाली उतरत नाही आणि श्वास छातीतच अडकतो. स्वारगेटवरून कोल्हापूरची एसटी धरली. वाद्यांच्या पेट्या पुन्हा मांडीजवळ.

कोल्हापूरला साथ करायची ती एका तरुण गायकाला, आणि खंबाटकी घाट चढत असताना संयोजकांचा फोन आला की तो पांढरी चारमध्ये गाणार आहे. मास्तरांनी मला ऑल्टोचा षड्ज विचारला. मी डी सांगितला. "मग यमनचे तीव्र मध्यम कुठे पडते ते सांग," असे म्हणून त्यांनी बोटे सीटच्या दांडीवर ठेवली, आणि साताऱ्यापर्यंत आम्ही तो राग डीवरून, आवाजाविना, बोटांनी वाजवत गेलो.